खणातलं पिवळं कार्ड

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात गेल्या साडेचार महिन्यांपासून एक पिवळं कार्ड पडून आहे. वर खडूचा डबा, दोन सुकलेले लाल पेन, कुण्या पोराकडून काढून घेतलेला भोवरा, आणि या सगळ्याच्या खाली ते कार्ड. ते माझं नाही. आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीचं आहे. जुलैच्या मध्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली, महिनाअखेरीस कार्डं आली, तिनं तिचं घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई ते पदराखाली झाकून शाळेत आली. धानाची रोवणी ऐन भरात होती. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल वाळलेला, नखं पाण्यानं पांढरी पडलेली, ती बांधीतून तशीच निघून आली होती. दारातून आत न येता म्हणाली, "मॅडम, हे तुमच्यापाशीच राहू द्या. घरी नको." मी म्हटलं, "काहून वो?" तिनं मागं वळून व्हरांड्यात कोणी आहे का ते पाहिलं. "पाहुने येतेत, जातेत. कोनाच्या हाती लागलं त पोरीचं वाटोळं होईल."

मी ते कार्ड घेतलं. न बोलता घेतलं, खण उघडला, ठेवलं, बंद केला. खरं तर बोलायचं काय ते मला पाठ आहे. पिवळं कार्ड म्हणजे वाहक, वाहक म्हणजे रोगी नव्हे, वाहकाला औषध लागत नाही, तो तुमच्या-आमच्यासारखंच आयुष्य जगतो, फक्त लग्नाच्या वेळी समोरच्याची तपासणी करून घ्यायची. ही वाक्यं मी प्रशिक्षणात ऐकली आहेत, पालकसभेत माइकवरून बोलले आहे. त्या दिवशी त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. ती बाई मान हलवून परत बांधीकडे गेली. जाताना तिचे खांदे थोडे सैल झालेले मला स्पष्ट दिसले.

तेव्हापासून खण उघडला की आधी पिवळा रंग दिसतो.

तपासणीचा दिवस मला वासासकट आठवतो. रात्रभर पाऊस पडून गेलेला, व्हरांड्याबाहेर ओल्या चपलांचा ढीग, आणि त्या ओल्या रबराच्या वासात मिसळलेला स्पिरिटचा वास. आरोग्य केंद्राची चमू आली होती, गावची आशाताई नावं पुकारत होती. पोरं रांगेत एकमेकांना ढकलत होती, पोरी वेणीचं टोक तोंडात धरून उभ्या. सात-आठ वर्षांपूर्वीही आमच्याकडे अशी तपासणी झाली होती, तेव्हा काचेच्या बारक्या नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकत आणि नळीमागं रेघांचा कागद धरत. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर सिकलचा संशय. पण तो वाहक आहे की रोगी, हे त्या नळीला सांगता येत नसे. नमुना जिल्ह्याला जायचा, तिथं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या मदतीनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, व्हायचं, आणि अहवाल यायचा तोवर दहावीची मुलं शाळा सोडून गेलेली असत. यंदा मलेरियाच्या तपासणीसारखी पट्टी होती. बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर दिला, दहा मिनिटांत रेघा उमटल्या. ज्यांच्या रेघा वेगळ्या त्यांचं रक्त नळीत भरून पक्क्या तपासणीसाठी मोठ्या यंत्राकडे रवाना. सिस्टर एकीकडे घड्याळ बघत होत्या आणि एकीकडे वही भरत होत्या. मी त्यांच्या बाजूला उभी राहून पट्टी पाहत होते. कोऱ्या पट्टीवर रंग हळूहळू वर चढत गेला, मग रेघ उमटली. त्या दहा मिनिटांत पोरांचा गोंगाट मला ऐकू येईनासा झाला होता.

दुपारी वर्गात आल्यावर एका मुलानं विचारलं, "मॅडम, सिकल म्हणजे काय?" इतकी वर्षं हा शब्द आमच्या गावात फिरतो आहे. सिकलची गोळी, सिकलचं पोरगं, सिकलचं घर. पण सिकल म्हणजे विळा हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मी फळ्यावर आधी गोल पेशी काढली आणि शेजारी विळ्यासारखी वाकडी. वर्ग गप्प झाला. ज्या हत्यारानं ही पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर धान कापायला जातात, तेच रक्तात निघालं. मागच्या बाकावरून एक पोरगी हळूच म्हणाली, "म्हनूनच दुखते मंग."

मला त्या क्षणी दादा दिसला.

दादा म्हणजे माझ्या मामाचा मोठा मुलगा. नागभीडकडे मामाचं गाव, घरामागं बोडी, म्हणजे छोटं तळं, बोडीच्या पाळीवर मोहाची दोन झाडं. माझ्याहून तो सहा वर्षांनी मोठा. आंबे पाडायला, शिंगाडे काढायला, झाडीपट्टीचं नाटक बघायला रात्री बैलगाडीत आम्हाला घालून न्यायला तोच. पण रोवणी आली की दादाचं काहीतरी बिनसायचं. सकाळी सगळ्यांबरोबर पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन बांधीत उतरायचा, गुडघाभर थंड पाण्यात वाकून चार-सहा ओळी लावायचा आणि दुपारपर्यंत धुऱ्यावर जाऊन बसायचा. संध्याकाळी माच्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असायचा. रडायचा नाही. वाकळेचा कोपरा दातांत धरायचा. मामी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून त्याच्या नडग्यांना, मांड्यांना चोळत बसायची आणि चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून शेकायची. अजूनही कुठं टोरीच्या तेलाचा तो कडवट, धुरकट वास आला की मला ती अंधारी खोली आठवते. बाहेर ओसरीवर मोठी माणसं बोलायची ते आम्हाला ऐकू यायचं. अंगचोर आहे. कामाचे दिवस आले की याचं दुखणं येतं. दादालाही ते ऐकू जायचं.

त्याचे डोळे पिवळे असायचे. मग काविळीची माळ. दोऱ्यात ओवलेल्या काड्यांची ती बारीकशी माळ डोक्यावर ठेवायची, ती दिवसागणिक वाढत खाली उतरते आणि गळ्यात येते, तशी कावीळ उतरते असं सगळे मानायचे. दादाची माळ दर वेळी उतरली. दर वेळी मामीनं ती वाहत्या पाण्यात सोडली. आणि दर वेळी महिन्या-दोन महिन्यांनी डोळे पुन्हा पिवळे. एकदा अंगातलं रक्त फार कमी झालं म्हणून शहरातल्या दवाखान्यात नेऊन बाटली चढवली, त्यासाठी मामानं एक बैल विकला. तिथंही कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. १९९९ च्या हिवाळ्यात ताप, खोकला, छातीत दुखणं असं तीन दिवस झालं आणि दादा गेला. एकोणीस वर्षांचा होता. न्युमोनिया झाला होता एवढंच आम्हाला सांगितलं गेलं.

नोकरी लागल्यावर काही वर्षांनी नागपूरला एका आरोग्य प्रशिक्षणात मी बसले होते. समोर पडद्यावर एका लहान बाळाचा फोटो आला. हाताचे-पायाचे पंजे टम्म सुजलेले. सांगणारे डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोनेक वर्षांत अशी सूज येणं हे सिकलसेलचं सुरुवातीचं लक्षण असतं. मी पेन खाली ठेवला. मामी नेहमी सांगायची, "दादा लहान होता तवा त्याचे हात सुवारीसारखे फुगत." सुवारी म्हणजे आमच्याकडची पुरी. ते ती कौतुकानं सांगायची, बाळसं समजून. त्या पंख्याखाली, बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत असताना, दादाच्या आजाराचं नाव मला कळलं. तोवर त्याला जाऊन किती वर्षं झाली होती! मामीला मी ते आजवर सांगितलेलं नाही. सांगून तिला काय द्यायचं, हे मला ठरवता आलेलं नाही.

रोवणीतच का, याचं उत्तरही त्या दिवशी मिळालं. या आजारातलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिला की एकमेकांना चिकटून ताठ काड्यांसारखं होतं आणि लाल पेशी वाकडी होते. अशा कडक, वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात, पुढं रक्त जात नाही, आणि हाडांत कळा सुरू होतात. थंडी, थकवा, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, यातल्या कशानंही हे सुरू होऊ शकतं. दादा पहाटेपासून थंड पाण्यात उभा, वर पाऊस, पाठ वाकलेली, आणि लवकर संपवायचं म्हणून दिवसभर घोटभर पाणी. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही वाकडी दहा-वीस दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. म्हणून ती माळ कितीही वाढली तरी पुरणार नव्हती.

मग मी वाचत गेले, आणि वाचताना सगळ्यात जास्त त्रास तारखांनी दिला. १९१० साली शिकागोत हेरिक नावाच्या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन छापलं. १९४९ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५२ मध्ये भारतात, निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि त्याच दशकात आमच्या विदर्भातही. दादा १९८० चा. म्हणजे त्याच्या जन्माआधी सत्तर वर्षं ही पेशी कोणीतरी डोळ्यांनी पाहिली होती. नागपूर आमच्यापासून एसटीनं एका सकाळीचं अंतर. तिथल्या पुस्तकांत हे छापलेलं होतं, आणि इथं आम्ही माळ वाढते आहे का ते मोजत होतो. नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांसाठी संस्था उभी करून वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला, २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ती बातमी मी कापून ठेवली आहे. अशी माणसं नसती तर ज्ञान आणि गाव यांच्यातलं अंतर आणखी किती वर्षं तसंच राहिलं असतं, या विचारानं मला धास्ती वाटते.

आता मात्र बातम्या वेगानं येतात. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा. चंद्रपूरला आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, रक्ताच्या अशाच आजारांवरचं संशोधन केंद्र आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. रोग्याच्याच मूळपेशी काढायच्या, क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राच्या कात्रीनं त्यात एक नेमका छेद द्यायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. मग शरीर पुन्हा ते हिमोग्लोबिन बनवायला लागतं जे आपण आईच्या पोटात असताना बनवत होतो आणि जन्मल्यावर विसरलो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आईच्या पोटातलं रक्त विळ्यासारखं वाकत नाही! अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा कोटींच्या वर. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, धानकापणी चालू असताना, आणखी एक बातमी आली. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेनं भारतात घडवलेला तसाच उपचार पुढं आणला आहे, आणि त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे, बिरसा १०१. स्टाफरूममध्ये मी ती दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आमच्याकडच्या घराघरांत ज्यांचा फोटो असतो त्यांचं नाव एका औषधाला. नंतर तास होता म्हणून खडू घ्यायला खण उघडला.

खडूच्या डब्याखाली कार्ड होतं.

तंत्रज्ञान काहीच करत नाही असं माझं म्हणणं मुळीच नाही. आमच्या सातवीत लाल कार्डाचा एक मुलगा आहे, म्हणजे त्याला आजारच आहे. दोन वर्षांपूर्वी तो महिन्यातले दहा-बारा दिवस गैरहजर असायचा. आता त्याला हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू आहे, फॉलिक ॲसिडची गोळी आहे, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी होते, दवाखान्यात जायला एसटीचा प्रवास मोफत आहे. ही कॅप्सूल मुळात कर्करोगाची, अमेरिकेत १९९८ मध्ये तिला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. तीही त्या पोटातल्या हिमोग्लोबिनलाच जागं करते. दादा गेला त्याच्या आदल्या वर्षीची ही मान्यता. हे वर्ष मी मनातून काढू शकत नाही. हा मुलगा वर्गात केव्हाही उठून पाणी पितो, मी त्याला तशी मुभा दिली आहे, थंडीत दोन स्वेटर घालतो, आणि यंदा चाचणीपर्यंत त्याची हजेरी जवळजवळ पूर्ण आहे. हजेरी घेताना त्याच्या नावासमोर खूण करते तेव्हा मला रोज एकदा बरं वाटतं. अठरा कोटींच्या उपचारापेक्षा ती खूण मला जवळची आहे.

पण पिवळ्या कार्डाची गोष्ट वेगळी आहे. त्याला औषधच नाही, कारण आजारच नाही. त्या पिवळ्या कार्डात आहे ती फक्त माहिती, आणि माहिती घरात गेली की कोणाच्या अंगावर पडते, हे मला उशिरा कळलं. त्या मुलीची मोठी बहीण बारावी झालेली. गेल्या उन्हाळ्यात तिचं साक्षगंध ठरलं होतं, साडीही घेऊन झाली होती. तिच्या कॉलेजात पूर्वी झालेल्या तपासणीचं कार्ड कोण्या नातेवाइकाच्या नजरेस पडलं आणि आठ दिवसांत पोराकडचा निरोप आला, नको. त्या पोराची तपासणी झालेली होती का? नव्हती. तो निकोप निघाला असता तर त्या दोघांच्या कोणत्याही मुलाला हा आजार होण्याची शक्यता नव्हती, काही मुलं पिवळी निघाली असती एवढंच. पण त्याला कोणी विचारलं नाही. पोरीचं कार्ड बघतात, पोराचं कोणी मागत नाही. कुंडल्या जुळवू नका, कार्ड जुळवा, असं आपण सभांमधून सांगतो. जुळवायला दोन कार्डं लागतात. गावात एकच फिरतं आणि त्यावर नाव पोरीचं असतं.

हिशेबाचा घोळ आणखी निराळा. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. आमच्या गावातल्या एका जोडप्याला हे सांगितलं होतं, आणि त्यांचं पहिलं पोर आजारी निघालं तेव्हा त्यांना वाटलं, चारातलं एक झालं, आता पुढची तीन सुखरूप. दुसरंही आजारी निघालं. तेव्हापासून मी दहावीला हे शिकवताना चिंचोके घेते. चिंचोका घासून मधोमध फोडायचा, एक बाजू पांढरी, एक काळी. बापाचा एक, आईचा एक. दोन्ही एकदम टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर आजार. पोरं टाकत राहतात आणि पाटीवर लिहितात, आणि कोणाच्या तरी हातून पहिल्या दोन्ही वेळी पांढरे-पांढरे पडतातच. मग त्यांना कळतं की चिंचोक्याला आधीचा डाव आठवत नसतो. हा तास मी घेते तेव्हा मुलींपेक्षा मुलांकडे जास्त वेळ बघते. हल्ली मुद्दाम बघते.

मागच्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तिचं आधार हवं होतं, तेवढंच निमित्त. धान कापून झालं होतं, अंगणाच्या कडेला पुंजणं रचलेलं, त्याचा तो कोरडा, गोडसर वास. आईनं चाय ठेवली आणि आतून प्लास्टिकची पन्नी आणली. प्रत्येक घरात अशी एक पन्नी असते, तिच्यात त्या घराचं सगळं कागदपत्री आयुष्य असतं. राशनकार्ड, बँकेचं पुस्तक, आधार, सातबाऱ्याची घडी. ती एकेक काढून ठेवत होती आणि त्यात मला एक पिवळं कार्ड दिसलं. मी दचकले, वाटलं माझ्या खणातलं इथं कसं आलं. ते तिच्या मुलाचं होतं. सहावीतल्या धाकट्याचं. राशनकार्डाच्या आत नीट घालून ठेवलेलं, कोपरे न दुमडलेलं. माझी नजर तिनं पाहिली. लपवलं नाही, चेहराही बदलला नाही. "त्याचं हाय ते. राहू देल्लं. पोरगा हाय, त्याले काय होते."

चाय गोड होती, मी ती पूर्ण प्यायले. परत येताना तलावाच्या पाळीवर गाडी थांबवून थोडा वेळ उभी राहिले. राग आला होता. पण तिचा राग करायचा तर कशासाठी? एका पोरीचं साक्षगंध मोडलेलं तिनं स्वतः सोसलं होतं. जग जसं आहे तसं तिनं ओळखलं आणि दोन कार्डं दोन ठिकाणी ठेवली. आणि मी? इथं मला जे लिहायचं आहे ते मी आजवर गावात कोणाला बोललेले नाही. त्या जुलैच्या दिवशी पोरं घाबरू नयेत म्हणून आम्ही शिक्षकांनी आधी बोट पुढं केलं होतं. मी एकोणचाळीस वर्षांची, वहीच्या मर्यादेत कशीबशी बसणारी. माझीही रेघ वेगळी उमटली. माझंही कार्ड पिवळं आहे.

त्यात आश्चर्य काही नव्हतं. मामा वाहक असणारच होता, माझी आई त्याचीच बहीण. अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये दाखवून दिलं की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणूनच हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहिलं. हे वाचून मला माझ्या न पाहिलेल्या पणजीची आठवण आली, असंच म्हणायला हवं. या झाडीत हिवतापानं गावंच्या गावं फणफणत असताना ती तगली, म्हणून आम्ही आहोत, आणि तिनं जे दिलं त्याचाच दुसरा दाम दादानं मोजला. एवढं सगळं समजत असूनही मी ते कार्ड हाती आलं त्या दिवशी पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं, चेन लावली. तपासणीनंतर सहकाऱ्यानं विचारलं, "तुमचं काय?" मी म्हटलं, "ठीक आहे." घरी यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पोरीला काही नाही ना?" मुलगी आमची तेरा वर्षांची, दणकट, तिला आजार नाही हे उघड आहे. वाहक आहे का, ते परीक्षा झाल्यावर बघू असं ठरलं. परीक्षा होऊन गेली. त्या बाईला मी एक शब्द बोलू शकले नाही त्याचं कारण हे होतं. ती माझ्या दारात उभी राहून करत होती तेच मी तपासणीच्या दिवसापासून करत होते.

परवा बाजार होता. ती भाजी घेऊन बसते, शेतातली वांगी आणि लाखोळीची कोवळी भाजी. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी तिच्यासमोर बसले, अर्धा किलो वांगी मागितली आणि हळू आवाजात सांगितलं, "माझंही कार्ड पिवळंच आहे." तिनं तराजू खाली ठेवला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग माझ्या हातातल्या बांगड्यांकडे, मग गळ्यातल्या पोतीकडे. मला वाटलं ती विचारेल, मग तुमचं लग्न कसं झालं. तिनं विचारलं, "मंग सरायचं कोनत्या रंगाचं हाय?"

मी म्हटलं, "त्यांनी तपासलं नाही."

"काहून?"

चाळिशीच्या वर आहेत, वहीत बसत नाहीत, असं काहीतरी मी म्हणाले. तिनं तराजू उचलला, वांगी तोलली, वर एक जास्तीचं टाकलं आणि माझ्या पिशवीत रिकामी केली. "सर तपासून आले का सांगजा," ती म्हणाली. "मंग मी नेतो पोरीचं कार्ड."

रात्री जेवताना मी यांना सांगितलं, सोमवारी ग्रामीण रुग्णालयात जायचं, मुलीला घेऊन, आणि तुम्हीही. भात कालवता कालवता ते थांबले. "मला कशाला?" ते म्हणाले, अगदी साधेपणानं. "मला काय झालंय?" मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मी उठून कपाटातून पन्नी काढली, पर्सची चेन उघडली, आणि माझं पिवळं कार्ड, तिचं आधार आणि त्यांचं आधार एकत्र त्यात घातलं.